पुन्हा एकदा म्हणा

यवतमाळच्या बसस्टँडवरचे ऑटोवाले आमच्या सरांना सवारी म्हणून घ्यायला कां-कू करायचे. पैशांची कटकट नव्हती, सर सुट्टे मोजून तयार ठेवत. कटकट प्रश्नाची होती. ऑटो चालू झाला की सर पुढे वाकून विचारत, "तुम्ही काय करता?"

आता ऑटो चालवणाऱ्याने यावर काय सांगावं? एकजण वैतागून म्हणाला, "ऑटो चालवून राह्यलो ना सर, दिसत नाही काय?"

"ते दिसतंय की. पण तुम्ही काय करता?"

"ऑटो!"

"पुन्हा एकदा म्हणा."

मी शेजारी बसले होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं. त्या माणसाने पुढच्या चौकापर्यंत दम धरला. मग म्हणाला, "तसा मी वेल्डर हाओ सर. ऑटो भावाचा हाये. वेल्डिंगचं दुकान बंद पडलं म्हून चालवतो." सर एकदम खूश होऊन मागे टेकले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? पहिलं उत्तर आपल्याला गप्प करायला असतं. दुसरं खरं असतं."

"पुन्हा एकदा म्हणा" हे सरांचं पालुपद होतं. कटिंगवाला, पोस्टमन, एसटीचा कंडक्टर, कॉलेजात तपासणीला आलेला साहेब, कुणाची सुटका नव्हती. मुलांनी त्यांचं नाव 'पुन्हाएकदा' असंच पाडलं होतं. समोरच्याने नीट, खणखणीत सांगितलं तरी सर उजवा कान थोडा पुढे करून दुसऱ्यांदा म्हणवून घेत आणि स्वतःच्या तोंडाने तो शब्द हळूच परत म्हणून बघत. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. तेव्हा ते म्हातारेही नव्हते आणि कानाने तर मांजरासारखे तिखट होते. आम्ही मागच्या बाकावर केलेली कुजबुज त्यांना फळ्याकडे तोंड असताना कळायची.

सर मूळचे सातारा भागातले. तरुणपणी शाळामास्तर म्हणून आमच्या जिल्ह्यात आले आणि पुढे शिकत शिकत कॉलेजात भूगोलाचे प्राध्यापक झाले. इतकी वर्षं वऱ्हाडात काढूनही त्यांची जीभ कृष्णाकाठचीच राहिली होती. आमचं 'करून राह्यलो' त्यांना फार आवडायचं, पण म्हणायला गेले की अशी काही ठेच लागायची की काकू डोक्याला हात लावायच्या. काकू म्हणजे सरांची बायको, दिग्रसकडची, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. "याइले सगळं दोनदा सांगा लागते," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "चहा झाला म्हनलं का म्हन्तेत, पुन्हा एकदा म्हण. मी म्हन्तो, आता थंडाच प्या!"

मी त्यांच्याकडे एम.फिल. करायला गेले ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. भाव नव्हता, बोंडअळी होती, आणि वर्तमानपत्रात आमच्या जिल्ह्याचं नाव ज्या कारणाने रोज छापून येई ते कारण आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारत नसे. आमचं गाव दारव्ह्याच्या बाजूला. बाबांनी मला निक्षून सांगितलं होतं, "हे एकच वर्स, पोरी. याच्यात झालं तं झालं. नाही तं मंग आपल्याले पाहुने पाहा लागन." बाबांचंही चूक नव्हतं. पण पुसदच्या एका कॉलेजात भूगोलाची जागा निघणार होती, आणि एम.फिल. झालं तर ती मला मिळेल अशी आशा होती. म्हणजे एका बाजूला पुसद आणि दुसऱ्या बाजूला पोहे घेऊन पाहुण्यांसमोर बसणं. मला पोहे बरे करता येतात, पण तेव्हा मला पुसदच हवं होतं.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"शेती."

"आई?"

"काही नाही. घरीच असते."

"पुन्हा एकदा म्हण."

मी पुन्हा म्हणायला गेले आणि अडखळले. कारण आई पहाटे उठून स्वयंपाक करून वावरात जायची, निंदायला, वेचणीला, तूर सोंगायला, आणि दिवेलागणीला परत यायची. घरी ती फक्त झोपायला असायची. मी तसं सांगितलं. सर रागावले नाहीत. टेबलावर जनगणनेची जिल्ह्याची जुनी जाडजूड पुस्तिका होती. तिच्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुझ्यासारख्या लाडक्या लेकींनी, नवऱ्यांनी आणि सासऱ्यांनी 'काही नाही' सांगितलं, म्हणून यात जिल्ह्यातल्या निम्म्या बायका रिकाम्या बसल्यात. आता याच्यावर अभ्यास करायचाय. जमेल?"

जमेल असं मी म्हणाले. काय जमवायचं होतं ते मला मुळीच कळलं नव्हतं.

माझा विषय होता दिग्रस भागातल्या गावांचे व्यवसाय जनगणनेगणिक कसे बदलत गेले हा. सरांनी मला आकडे वाचायला शिकवलं. तोवर मी आकडे नुसते उतरवून घ्यायची. ते एका पुस्तिकेतलं गाव दाखवत, मग तेच गाव पुढच्या पुस्तिकेत दाखवत. "इथं घरगुती उद्योगात माणसं आहेत. इथं नाहीत. तेली कुठं गेले? कोष्टी कुठं गेले? मेले की उठून गेले, की प्रश्न बदलला?" प्रश्न बदलला का, हे ते सगळ्यात आधी बघायला लावत. एका गणनेत विचारतात काम काय करता, पुढच्या गणनेत विचारतात मुख्य काम काय, आणि तेवढ्यावर हजारो माणसं या रकान्यातून त्या रकान्यात उड्या मारतात, माणसं मात्र आपापल्या ओट्यावर बसलेलीच असतात. "आकडा म्हणजे उत्तर," सर म्हणत. "कुणी कुणाला काय विचारलं होतं, ते आधी शोध." आज मी वर्गात जे काही शिकवते ते एवढंच आहे. त्यात माझी भर नाही.

मी बऱ्याचदा त्यांच्या घरीच बसायची, कारण काकू जेवल्याशिवाय सोडत नसत. एकदा काकूंनी त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. सर शाळामास्तर असताना त्यांना बघायला गेले होते. काकूंच्या वडिलांनी रीतीप्रमाणे सांगितलं, "आमी कास्तकार मानसं." यावर सर मोठ्या मायेने म्हणाले, "असू दे की. कष्टात कमीपणा कसला? जमीन नाही म्हणून काय झालं!"

"आमच्या बाबाचं चाळीस एकर वावर!" काकू हसून हसून लाल झाल्या होत्या. "बाबा ताडकन उठले. म्हने, हा मास्तर आपल्याले मजूर समजून राह्यला काय? लग्न मोडता मोडता राह्यलं पाहा. याइले कास्तकार म्हंजे काय तेच माहीत नोतं!"

मीही पोट धरून हसले. आमच्याकडे शेतकऱ्याला कास्तकारच म्हणतात, अगदी मोठ्या जमीनदारालाही. सातारकडच्या माणसाला तो शब्द कष्टकरी वाटला, ही खरंच हसण्यासारखी गोष्ट होती. सर हसले नाहीत. ते ताटातली पोळी मोडत राहिले आणि मग पाणी प्यायला उठून आत गेले. मला वाटलं, बायकोने थट्टा केली म्हणून लाजले.

मग मला ते गाव सापडलं. नाव इथे लिहीत नाही. अरुणावती नदीच्या बाजूचं एक साधं गाव. आजूबाजूच्या सगळ्या गावांत शेतकरी भरपूर, शेतमजूर थोडे कमी. या एका गावात एका गणनेत शेतकऱ्यांचा रकाना जवळजवळ रिकामा आणि सगळं गाव शेतमजूर. आधीच्या गणनेत तसं नाही. मला तर घबाडच मिळालं. गावाच्या गाव जमिनीवरून उठलं होतं! कापसाच्या आजच्या संकटाचं मूळ तिथे होतं, इतक्या वर्षांपूर्वी, आणि ते पहिल्यांदा मी दाखवणार होते. मी प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या गावावर उभं केलं. सावकार, दुष्काळ, बाजार, सगळे त्यात आणून बसवले. पुढची गणना थोडी आडवी येत होती, कारण तिच्यात शेतकरी परत आले होते. पण त्यालाही मी 'जमीन-सुधारणांचा परिणाम' असं नाव देऊन गप्प केलं. पुसद मला दिसायला लागलं होतं.

प्रकरण सरांना दिलं. ते एरवी दुसऱ्या दिवशी लाल पेनाने रंगवून परत करत. या वेळी कॉलेजात दिसेचनात. काकूंचा निरोप आला, घरी ये. गेले तर सर झोपाळ्यावर बसले होते, प्रकरण मांडीवर, आणि लाल पेनाची एकही खूण नव्हती.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "तुझे वडील काय करतात?"

"सर, सांगितलं होतं ना. शेती."

"ते तू मला सांगतेस. गावात त्यांना कुणी विचारलं तर ते काय म्हणतात?"

"कास्तकार."

"पुन्हा एकदा म्हण."

मी म्हणाले. आणि माझ्या तोंडातून तो शब्द बाहेर पडत असतानाच मला काकूंची गोष्ट आठवली, आणि सरांचं ते पोळी मोडत राहणं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"त्या गावाची गणना मी केली," सर म्हणाले. "नवीनच आलो होतो. दारोदार फिरलो. काय करता, काय करता. जो तो मला सांगे, कास्तकार. मी म्हटलं, कष्टकरी म्हणायचंय, बोलीत तसं म्हणत असतील. घराघरापुढे कष्टकरी लिहीत गेलो. वर ऑफिसात त्यांनी सगळ्यांना मजुरांत घातलं. माणसं किती नम्र आहेत, असं मला वाटलं होतं बघ. दारात बैलजोड्या होत्या. मला वाटलं, मालकाच्या असतील." त्यांनी प्रकरणाची पानं सारखी केली. "लग्न ठरताना कळलं. तोवर फॉर्म कधीच गेले होते, आणि नंतर ते छापून आलं. तुझं हे गाव कुठं उठून गेलेलं नाही, बाळ. मी बहिरा होतो."

मला सरांची कीव आली नाही, खरं सांगते. मला राग आला. माझं प्रकरण, माझं वर्ष, माझं पुसद. मी म्हणाले, "सर, पण हे छापलेलं आहे. कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय की," सर म्हणाले.

आतून काकू बोलल्या, "त्या पोरीले रडवू नका. आधी जेऊ द्या." मी रडतच होते. काकूंनी मला जेवायला वाढलं आणि मी रडत रडत दोन वाट्या वरण खाल्लं. मी हात धूत असताना सर मागून म्हणाले, "उद्या जाऊ आपण तिथं. मी परत कधी गेलो नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दिग्रसची एसटी धरली. वाटेत सर कुणालाच काही विचारेनात. कंडक्टर ओळखीचा होता. त्याने स्वतःहून तिकीट देताना दोनदा सांगितलं, "कंडक्टर, कंडक्टर," तरी सर हसले नाहीत. दिग्रसला जिनिंग मिलच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती आणि गाडीवान गाड्यांखाली निजले होते. तिथून काळीपिवळीने गावात पोचलो.

ज्यांच्या घरी गेलो ते एक म्हातारे बाबा ओसरीवर फवारणीचा पंप उघडून बसले होते. सरांनी त्यांना ओळखलं नाही, बाबांनीही सरांना ओळखलं नाही, पण गुरुजी कधी तरी मोजायला आले होते हे त्यांच्या लक्षात होतं. चहा आला. सरांनी कप हातात धरून, मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखं सगळं सांगून टाकलं. तुम्ही कास्तकार म्हणालात, मी कष्टकरी ऐकलं. सगळं गाव मी मजूर करून टाकलं. पुस्तकात तसंच छापलंय.

बाबा इतके हसले की पंपाचा वॉशर हातातून निसटून पडला. घरात तोंड करून ओरडले, "ऐकलं काय वं? या गुरुजीनं आपल्याले मजूर केलंतं म्हन्ते!"

आतून बाईचा आवाज आला, "मंग काय खोटं केलं!"

बाबा वॉशर शोधायला वाकले. सापडला, तो त्यांनी धोतराला पुसला आणि मग सावकाश म्हणाले, "तवा खोटं होतं, गुरुजी. आता खरं हाये. दोन्ही पोट्टे दिग्रसले जिनिंगमधी जातेत. सून लोकायच्या वावरात वेचाले जाते. वावर बटईनं देल्लं. परवडतच नाही तं काय कराव? तुमी आगोदरच लिवून ठेवलं समजा."

तेव्हाचा सरांचा चेहरा मला पाहायला नको होता. मला वाटलं, आता ते उठतील आणि आम्ही निघू. ते उठले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं, उजवा कान पुढे केला आणि विचारलं, "आता नीट लिहितो. तुम्ही काय करता?"

बाबांनी पंपाकडे पाहिलं. वावर दुसऱ्याकडे, पंप मात्र ते दुरुस्त करत होते.

"कास्तकार," बाबा म्हणाले.

"पुन्हा एकदा म्हणा."

"कास्तकार!" या वेळी बहिऱ्या माणसाला सांगावं तसं बाबा ओरडून म्हणाले. "पोट्टे काईबी सांगो. माह्यापुढं कास्तकारच लिवा."

सरांनी लिहिलं. अक्षर अक्षर सुटं काढून लिहिलं आणि ते बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी मान हलवली. बाईंनी आम्हाला निघताना पिशवीभर तुरीच्या शेंगा दिल्या. दिग्रसच्या स्टँडवर सरांनी मला आलुबोंडा घेऊन दिला, स्वतः दोन खाल्ले, आणि बाजूच्या माणसाला तोंडात घास असतानाच विचारलं, "तुम्ही काय करता?" मला एवढं हायसं वाटलं की मी हसायलाच लागले.

ते प्रकरण मी फाडलं आणि नवीन लिहिलं. गावं कुठे गेली हे त्यात नव्हतं. कुणी विचारलं, कुणी सांगितलं, कोणत्या शब्दात सांगितलं आणि ऐकणाऱ्याने काय ऐकलं, हे होतं. त्यासाठी मी गावोगाव हिंडले, माझ्या बाबांकडून वर्षाच्या पुढे दोन महिने मागून घेतले, आणि 'काही नाही' म्हणणाऱ्या बायकांना दुसऱ्यांदा विचारलं. त्या गावच्या चुकीसाठी सरांनी तळटीप लिहायला लावली आणि तिच्यात स्वतःचं पूर्ण नाव घालायला लावलं. मी नाही म्हणाले, वाद घातला. ते म्हणाले, "नाव नसलेली चूक पुढचा माणूस परत करतो."

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं त्या तळटिपेवर. "हा जो प्रगणक आहे, त्याच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा?"

मी तोंड उघडायच्या आत सर शेजारच्या खुर्चीतून उठले. "अजिबात ठेवू नका," ते म्हणाले. "मीच तो. म्हणून तिनं स्वतः जाऊन परत विचारलं." परीक्षक आधी गोंधळले, मग हसले, आणि मग तासभर त्या एकाच प्रकरणावर बोलत राहिले.

पुसदची जागा मला मिळाली. पाहुण्यांपुढे पोहे घेऊन बसायचं ते दोन वर्षांनी बसले, माझ्या मर्जीने, आणि मुलाला मीच आधी विचारलं, तुम्ही काय करता. त्याने दोनदा नीट उत्तर दिलं म्हणून होकार दिला. हे सगळं सरांमुळे झालं. ते गप्प बसले असते तर मला पदवी मिळालीच असती, कदाचित लवकर मिळाली असती. त्यांनी माझं वर्ष वाचवायचं सोडून मला खरं सांगितलं, आणि त्यासाठी स्वतःची लाज चव्हाट्यावर आणली. इतकं माझ्यासाठी दुसऱ्या कुणी केलेलं नाही. त्यांच्या हयातीत हे त्यांना सांगायचं राहू नये म्हणून मी एकदा मुद्दाम गेले.

तोवर सर खरोखरचे बहिरे झाले होते. मशीन लावायला तयार नव्हते. काकूंनी मला दारातच सांगितलं, "आता तं खरंच दोनदा सांगा लागते वं माय. कवा कवा चारदा." सर त्याच झोपाळ्यावर होते. मला बघून चेहरा उजळला. आभाराचं मी जे वाटेत जुळवून आणलं होतं ते सगळं विसरले. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची जीभ अडखळली नाही, "काय करून राह्यली तू?"

मी त्यांच्या पायाशी बसले. "ऐकून राह्यली, सर."

त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला आणि तळहात त्याच्यामागे धरला.

"पुन्हा एकदा म्हण," सर म्हणाले.

मी पुन्हा एकदा म्हणाले.